वाढत्या अंगाचा सूट

"एवढा मोठा उडायचा सूट कुणी घेतला हिला?" कड्यावरचे तपासनीस ढेबे वैतागले.

"मीच. वाढत्या अंगाचा घेतलाय," जनाबाई कोकरे म्हणाल्या. "दहावीपर्यंत पुरायला नको?"

"आजी, हा गणवेश नाही. पंख मोठे, तर हवा भरायलाही वेळ लागतो. तोवर पोरगी दगडासारखी पडणार. कड्यावरच्या त्या तांबड्या रेषेच्या आधी उडायला लागली नाही, तर खाली खडक आहे."

जनाबाईंची नात सई रडवेली झाली. आज खाली कोकणातल्या शाळेत तिची परीक्षा होती आणि वाडीतली बाकीची मुलं कधीच उडून गेली होती. दोरावरचा पाळणा दुपारी सुटायचा. पायवाटेनं तर संध्याकाळ झाली असती.

"मग टाके घालून लहान करते."

"पंखांना टाके? आजी!" ढेब्यांनी कपाळावर हात मारला.

जनाबाईंनी चिडून अंगातला, बाजाराला जायचा सूट उतरवला. वयानं त्या इतक्या आक्रसल्या होत्या, की तो सईला नेमका बसला. तिनं उडी मारली. रेषेच्या बऱ्याच वर पंख फुगले आणि ती दरीवर तरंगत गेली.

सूट बदलून देणारं दुकान खालीच होतं. तो मोठा सूट डोक्यावर घेऊन जनाबाई लहानपणीच्या पायवाटेनं उतरू लागल्या, गुडघ्यांना आणि ढेब्यांना शिव्या देत.

दुपारी वर जाणाऱ्या पाळण्यातून सई ओरडली, "आजी, पेपर सोपा होता! तू अजून इथंच?"

"तू आता वाढू नकोस!" जनाबाई खालून ओरडल्या. "दहावीपर्यंत एवढीच राहा!"