बांगड्यांचा होकार

डिजिटल एक्स्चेंज आल्यापासून सीमेवरच्या मानसिंगांचा आवाज कराडच्या एसटीडी बूथवर शेजारी बसल्यासारखा स्वच्छ येई. पण मागे रांगेतले सारे कान टवकारलेले असत. म्हणून "माजी आठवण येती का?" या पतीच्या प्रश्नाला राजेश्वरी मुखाने उत्तर देत नसे, रिसीव्हरपाशी बांगड्या हलकेच वाजवी. हे गुपित केवळ त्या दोघांचे.

मानसिंगांना वीरमरण आले, बांगड्या उतरल्या, त्याला वर्ष लोटले. आज भर दुपारी बूथवाल्या जालिंदरने समोर राजेश्वरीच्या दारी हाक दिली, "वयनी, तुमचा फोन हाय!"

तिने जाऊन रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून तोच मृदू स्वर आला, "माजी आठवण येती का?"

राजेश्वरीने आपले रिकामे मनगट नकळत रिसीव्हरपाशी नेले आणि हळुवार हलवले.

रांगेतली अनोळखी म्हातारी हसली, "आगं पोरी, हळू! फुटत्याल की बांगड्या."