घरचं माणूस

"वडिलांना बोलाव. आत्ता," सर म्हणाले. "त्याशिवाय प्रॅक्टिकलला बसू देणार नाही."

इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमधलं सगळं काम थांबलं. मुलाने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा छताकडे. शेजारी पाहायचं त्याने कसोशीने टाळलं. शेजारी, त्याच टेबलाशी, त्याचे वडील वायरीचं टोक सोलत उभे होते.

हे वर्गाला कळू द्यायचं नाही, असं घरी ठरलं होतं. सरकारी तंत्र महाविद्यालयाने वयाची अट काढून टाकली, त्याचा फायदा आजवर एकाच माणसाने घेतला होता. तो नेमका आपला बाप निघावा, याचं मुलाला फार वाईट वाटलं होतं. म्हणून फाटकाच्या आत 'काका' म्हणायचं. बापाने मान्य केलं. पण हजेरी आडनावावरून लागली, जोड्या हजेरीवरून लागल्या आणि दोन वर्षांसाठी दोघं एका टेबलाला चिकटले. फी दोघांची भरली होती, हत्यारांच्या मात्र एकाच पेटीत भागवत होते. एक पक्कड मागायचा, दुसरा द्यायचा. काका मोठे दिलदार आहेत, असं पोरं म्हणायची.

सर काकांपेक्षा वयाने लहान. बाकीच्यांना अरेतुरे करत. काकांना काही सांगायचं झालं, की "काकांनी टेस्टर खाली ठेवावा" असं भिंतीकडे बघून सांगत.

"फोन लाव," सर म्हणाले. "न सांगता दांडी मारली, की घरचं माणूस समोर यायला हवं. नियम आहे."

मुलाने फोन लावला. काकांच्या एप्रनच्या खिशात रिंग वाजली.

कोणी हसलं नाही. एवढी शिस्त त्या वर्गाने परीक्षेतही पाळली नव्हती. काकांनी फोनवरचं नाव वाचलं, "जरा महत्त्वाचा आहे," असं म्हणाले आणि मागच्या दाराने व्हरांड्यात गेले. सरांनी मुलाच्या हातातला फोन घेतला.

"तुमचा मुलगा मंगळवारी आला नव्हता."

"असं का? बघतो त्याच्याकडे." आवाज फोनमधून आला आणि खिडकीतूनही आला.

"समक्ष यावं लागेल."

"निघालोच. इथे जवळच आहे."

थोड्या वेळाने पुढचं दार वाजलं. एप्रन काढलेला, केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला, असे पालक आत आले.

"या, बसा." सरांनी खुर्ची पुढे केली. "आपण?"

"ह्याचा बाप."

"मंगळवारी कुठे होता हा?"

"ताप होता," बाप म्हणाला. "मीच म्हटलं, अंगावर काढू नकोस."

मुलाने मान खाली घातली.

"आणखी एक," सर म्हणाले. "ह्याच्या शेजारी एक वयस्कर विद्यार्थी असतो. माणूस बरा आहे. पण मंगळवारी तोही गायब. एकमेकांच्या संगतीने बिघडताहेत की काय, अशी शंका येते."

"मी ओळखतो त्याला. समज देतो."

"समज मी देईन. त्याच्याही घरचं माणूस यायला हवं. जोडीची परीक्षा आहे. एक नसला, तर दुसरा बाद."

परीक्षेला जिन्यातला दिवा होता. खालच्या बटणाने लावायचा, वरच्या बटणाने मालवायचा. बापाने समोरच्या कोऱ्या बोर्डाकडे पाहिलं.

"त्याची बायको कामावर असते, सर. संध्याकाळपर्यंत काही यायची नाही."

"मग दोघं पुढच्या वर्षी. फीसुद्धा नव्याने." सर खिडकीबाहेर बघू लागले. "बायकोच हवी असं नाही म्हणा. घरचं कोणीही सज्ञान माणूस चालतं."

पालकांनी नमस्कार केला आणि ते पुढच्या दाराने गेले. मागच्या दाराने काका एप्रन बांधत आत आले आणि आपल्या जागी उभे राहिले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळा वर्ग मुलाकडे बघत होता.

मुलाने एप्रनच्या गाठीला हात घातला. गाठ लवकर सुटेना. सुटली तेव्हा तो सगळ्या टेबलांच्या मधून चालत पुढच्या दाराने बाहेर गेला. दार लागलं. मग वाजलं.

"आत येऊ का, सर?"

"या. आपण कोण?"

"मुलगा." घसा खाकरून त्याने काकांकडे सरळ पाहिलं. "ह्यांचा."

"सज्ञान आहात?"

"गेल्या महिन्यापासून."

"बसा. मंगळवारी हे का आले नव्हते?"

"सर, मलापण जरा ताप..." काका टेबलामागून घाईघाईने म्हणाले.

"पालकांशी बोलणं चालू असताना विद्यार्थ्याने मध्ये बोलू नये," सर म्हणाले.

मुलगा खुर्चीच्या कडेवर टेकला होता. "मला ताप नव्हता, सर. मी मॅच बघायला पळालो होतो," तो म्हणाला. "हे मला शोधत फिरत होते. दिवसभर."

सरांनी हजेरीपट पुढे ओढला. खालीवर असलेल्या त्या दोन नावांना त्यांनी एकच महिरपी कंस घातला आणि पुढे कारण लिहिलं: घरगुती.