बुटाची नाडी

नेपाळच्या डोंगरात, लॉजच्या पायरीवर बसून नवरा पाच मिनिटं एकाच बुटाची नाडी बांधत होता. हेमलतानं त्याची चाचपडणारी बोटं पाहिली. विरळ हवा बाधली की असंच होतं, गाईडनं बजावलं होतं. पण "त्याच्याजवळ चकार शब्द काढायचा नाही," अशी नवऱ्याची तंबी होती.

गाईडनं रोजच्यासारखं सगळ्या ग्रुपला विचारलं, "कुणाचं डोकं दुखतंय?"

"मी ठणठणीत!" नवरा म्हणाला.

"माझं फुटतंय," हेमलता म्हणाली.

तिची लगेच खाली रवानगी झाली, सोबतीला नवऱ्याची. "तुझ्यापायी ट्रिप वाया!" तो वाटभर धुमसत राहिला. ती नुसती त्याची पावलं बघत होती.

दुपारी नाडी सुटली. त्यानं वाकून झटक्यात गाठ मारली. हेमलता मटकन खालीच बसली.

"काय गं, डोकं?" तो घाबरला.

"थांबलं," ती म्हणाली. "आत्ताच."