माय बघून राह्यली

ऑस्ट्रेलियातल्या एका रग्बी क्लबच्या दुसऱ्या संघात खेळणाऱ्या संग्रामचा सामना त्याची आई दैवशाला हसनाबादच्या घरी मोबाइलवर थेट बघत होती. शेवटच्या मिनिटाला त्याच्या हातून चेंडू निसटला आणि जिंकत आलेला सामना गेला. पडद्याच्या कडेला प्रेक्षकांच्या इंग्रजी ओळी भराभर उमटू लागल्या. “काय लिहून राह्यले गं लोक?” “चांगलंच, आई,” लेक राजनंदिनी म्हणाली. “मंग तुह्या डोळ्यात पाणी कामून?” राजनंदिनीनं मान खाली घातली. “त्याला गावाकडं हाकला म्हणतेत.” मैदानात संग्राम गुडघ्यांवर हात ठेवून एकटाच उभा होता. दैवशालाचा जीव कळवळला. “लिही, त्याची माय बघून राह्यली म्हणावं.” राजनंदिनीनं तसं इंग्रजीत लिहिलं. ओळ दिसली, पण खालून आलेल्या शिव्यांनी ती वर ढकलत नेली. दैवशालानं ती धरून ठेवायला पडद्यावर बोट टेकवलं. बोटाखालून ओळी सरकतच राहिल्या.