हिवरखुंटचं वाक्य

“हिवरखुंट?” हॉटेलच्या मॅनेजरने मुलाखतीला आलेल्या सुकेशनीच्या आधार कार्डावरचं गाव वाचलं आणि मोबाइलवर टाइप केलं.

परक्यांना शेजारच्या गावाचं नाव सांगायचं, ही हिवरखुंटच्या लोकांची रीतच होती. आईनेही निघताना बजावलं होतं. पण कार्डाचं तोंड कोण दाबणार? इंग्रजी शिकताना तिनेही एकदा गाव असंच शोधलं होतं. इंग्रजीतल्या प्रत्येक वाक्यात हिवरखुंटला चिकटून जळालेली वस्ती आणि निर्दोष सुटलेले आरोपी. तिथली बोरं गोड असतात, असं लिहायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

“बापरे! मग तुम्ही कुठल्या? जाळणाऱ्यांतल्या की जळालेल्यांतल्या?” चहात साखर किती, असं विचारावं तसं त्याने विचारलं.

एक उत्तर खोटं होतं. खऱ्या उत्तराने जात कळणार होती. रिसेप्शनची नोकरी दोन्हीकडून हातातून निसटत होती.

“आय ॲम फ्रॉम हिवरखुंट अँड आय वॉन्ट धिस जॉब,” ती ठणकावून म्हणाली.

इंग्रजीत हिवरखुंटचं आगीशिवायचं हे पहिलंच वाक्य. मॅनेजर मात्र अजून मोबाइलच वाचत होता.