डाव्या हाताचा ओटा

पिकअपमधून उतरवलेला ओटा काटकोनात डावीकडे वळत होता आणि स्वयंपाकघराच्या डाव्या भिंतीत परसाचं दार होतं. गेणभाऊ गवंड्यांनी टेप पुन्हा एकदा लावून पाहिली, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं आणि हौशीरामकडे पाहिलं.

नारायणगावात कुणीतरी बंगल्याचं स्वयंपाकघर नवं करायला काढलं होतं. त्यांचा जुना ओटा, काळ्या ग्रॅनाईटचा, स्टीलच्या सिंकसकट नि खालच्या ट्रॉल्यांसकट, हौशीरामने पडत्या भावात उचलला. नव्याला हात लावायची ऐपत नव्हती. गावात, अख्ख्या डिंगोऱ्यात, असा ओटा कुणाकडे नाही, असं तो सकाळपासून तीनचार जणांना सांगून आला होता. मापं घ्यायची मात्र राहून गेली होती. निघताना बायकोने, प्रयागबाईने, आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला होता, ओट्याला कसलं आलंय माप.

गेणभाऊंनी सांगितलं, एक तर दार विटांनी बुजवावं लागेल. नाहीतर ओट्याची डावी बाजू कापावी लागेल, पण सिंक त्याच बाजूला आहे, ते जाईल.

"दार बुजवा," हौशीराम म्हणाला.

प्रयागबाई पडवीतून उठून आली. स्वयंपाकघर उकरल्यापासून ती पडवीत गॅस मांडून रांधत होती. भाकरीत धूळ, आमटीत धूळ, आणि कुत्रं हाकलायला एक हात कायम मोकळा ठेवायचा. हे काम एकदाचं संपावं, एवढंच तिला हवं होतं. तरी ती म्हणाली, दार राहू द्या. फोडणीचा ठसका कुठून जाईल? हौशीराम म्हणाला, पंखा बसवू. शेळीला भाजीचे देठ कुठून टाकायचे? पुढून वळसा घालून. उन्हाळ्यात वारा कुठून येईल? आता तो चिडला.

"तुझ्याच गुडघ्यापायी आणलं ना सिंक? बाहेर दगडावर बसून भांडी घासती, उठताना भिंत धरती. मग आता काय झालं?"

"घासीन बाहेर. घासतेच की आजवर."

हिच्यासाठी नारायणगावाहून सिंक आणावं आणि हिने एका कुजक्या दारासाठी अडून बसावं. तो गेणभाऊंना म्हणाला, हिचं काही ऐकू नका, लावा विटा. प्रयागबाईजवळ आणखी एक कारण होतं, पण ते नवऱ्यापुढे बोलण्यासारखं नव्हतं. "करा काय करायचं ते," म्हणून ती पडवीत गेली. तिथून बराच वेळ भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

दार चौकटीसकट निघालं. गेणभाऊंनी सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि थर चढवायला घेतले. हौशीराम एका उपड्या घमेल्यावर बसून बघत होता.

विटा कमरेपर्यंत आल्या तेव्हा परसातून पावलं वाजली. प्रयागबाई पडवीतून धावत आली, पण तोवर उशीर झाला होता. पलीकडे इंद्रायणी उभी होती, हौशीरामची थोरली भावजय. दोन्ही घरांचं परस एकच. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून हौशीराम आणि तिचा नवरा बाळासाहेब या भावाभावांचं वाजलं, तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, आणि इंद्रायणीही या दिराशी अक्षर बोलली नव्हती. तिच्या हातात पदराने धरलेलं वाफाळतं पातेलं होतं. या वेळी हौशीराम रानात असतो हे तिला ठाऊक होतं. आज तो समोरच बसला होता.

ती मागे फिरेल असं प्रयागबाईला वाटलं. ती फिरली नाही. तिने विटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"भावजी, खिडकी तरी ठेवा."

हौशीराम उठून उभा राहिला. तो बायकोकडे वळला.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"तुमचं वाजलं तवापासनं."

"मंजी परवाची मासवडी?"

"आक्कांची व्हती."

परवा दोनदा रस्सा मागून घेत तो प्रयागबाईला म्हणाला होता की पडवीत बसून का होईना, तुझ्या हाताला चव आली एकदाची. हौशीरामचे कान लाल झाले. त्याने खालच्या आवाजात विचारलं,

"आन् दादा? आपल्या घरचं खातो?"

उत्तर इंद्रायणीने दिलं. "खात्यात की. कुणी केलंय ते मी सांगत न्हाई."

गेणभाऊ थापीवर माल घेऊन तसेच थांबले होते. इंद्रायणीच्या बोटांना चटका बसत असावा, ती पातेलं या हातातून त्या हातात करत होती. विटांच्या अलीकडे सगळ्यात जवळ हौशीरामच होता. त्याने वैतागून खांद्यावरचा टॉवेल ओढला, हात पुढे केले आणि पातेलं घेतलं. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की ठेवायला जागाच नाही. ओटा अंगणात, ट्रॉल्या पिकअपशेजारी, खाली सगळीकडे वाळू नि सिमेंट. थोरल्या भावाच्या घरचं कालवण दोन्ही हातांत धरून तो आपल्या नव्या स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला.

"मंग, विटा लावू का काढू?" गेणभाऊंनी विचारलं.

"दिसत न्हाई व्हय, हात गुंतल्यात," हौशीराम खेकसला. "काढा."