रिकाम्या खोलीचा आवाज

बॅगवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले, लॅपटॉपवरचा व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "ताई, शूटिंगच्या वेळी खोलीत तिसरं कोण होतं?"

ताई म्हटलं की धाकटीला अजूनही मागे वळून बघावंसं वाटे, कारण या घरातली ताई ती नव्हतीच. तिने सुई बॅगेच्या अस्तरात तशीच खोचून ठेवली. कुणी नव्हतं, म्हणाली. आपण दोघंच तर होतो.

त्याने हेडफोन तिच्यापुढे धरले. त्याच्या चॅनलसाठी दोघांनी जोडीने केलेला व्हिडिओ होता. जुन्या प्रवासी बॅगेचं चामडं त्याने शिवलं होतं, आतल्या फाटक्या अस्तराला तिने रफू केलं होतं. तिनेच कापून जोडलेल्या तिच्या वाट्याच्या भागात, जिथे ती न बोलता टाके घालत होती, तिथे मागे कुणीतरी श्वास घेत होतं. श्वासाला बारीक शिट्टी होती, दम्याच्या माणसाची असते तशी. मग स्टूल करकरलं, आणि आलेला खोकला कुणीतरी गिळला.

धाकटीने तो श्वास ओळखला. कॅमेऱ्यामागचं ते स्टूल थोरल्या बहिणीचं होतं. ती गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. सकाळी बॅगवाल्याने आपली पिशवी त्यावर ठेवली, तीही धाकटीने गुपचूप उचलून कोपऱ्यात ठेवली होती.

भुताखेताचं काही नव्हतं. दर शूटिंगआधी थोरली रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायची. व्हिडिओ कापून जोडला की आवाजात भोकं पडतात, ती या आवाजाने बुजवायची. आवाजाचं रफू, म्हणायची. तिच्यामागे धाकटीने नवा आवाज कधी घेतलाच नाही. तिची शेवटची क्लिप डोळे झाकून प्रत्येक व्हिडिओला लावत राहिली. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर त्यात काही ऐकू येत नसे. रिकामी खोली रेकॉर्ड करणारी बाई स्वतः त्या खोलीतच बसलेली असते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

यातलं काही तिने सांगितलं नाही. जुनी क्लिप आहे, एवढंच म्हणाली.

बॅगवाला माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. व्हिडिओ संध्याकाळी येणार असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. त्याचे लाखभर प्रेक्षक, कान टवकारून ऐकणारे. बॅग राहील बाजूला आणि सगळे श्वासावरच बोलत बसतील. "तुमच्या चॅनलवर तुम्ही काहीही लावा," तो म्हणाला, "माझ्या चॅनलवर हे जाणार नाही. नवा आवाज घेऊ, नाहीतर राहू दे."

राहू दे, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण याच माणसाला थोरलीने किती मेसेज केले होते. एकदा तुमच्याबरोबर व्हिडिओ झाला तर आमचा चॅनल उभा राहील, असं तिने आपला स्वाभिमान गुंडाळून ठेवून लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं ते ती गेल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आता आलेलं घोडं परत पाठवलं तर थोरलीची सगळी मनधरणी पाण्यात जाणार.

"घ्या," धाकटी म्हणाली.

त्याने रेकॉर्डर स्टुलावर ठेवला. तिने तो उचलून टेबलावर ठेवला. मग दोघं दार ओढून बाहेर जिन्यात उभी राहिली.

तिथे त्याने हळूच विचारलं, तुमचे नेहमीचे प्रेक्षक कोण? धाकटीने सुईदोरा या नावाने लिहिणाऱ्या बाईंबद्दल सांगितलं. त्या प्रत्येक व्हिडिओखाली एकच वाक्य लिहीत, 'छान झोप लागली.' त्यावरून थोरली कशी भडकायची, मी इथे जीव तोडून एडिट करते आणि ही बया घोरते, हे सांगताना धाकटीला हसू आलं. तोही हसला. थोरली कोण, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

आत येऊन त्यांनी ऐकलं. रस्त्यावरून गेलेली एक गाडी, कुठेतरी गळणारा नळ. बाकी काही नाही.

"झकास," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ."

तिने क्लिप पुन्हा मागितली आणि शेवटपर्यंत ऐकली. स्टूल करकरायची वाट बघत ऐकली. ती थोरलीला रडली नव्हती असं नाही. दहा जणांसमोर रडली होती. पण खोली रिकामी झाली आहे हे तिला आज कळलं, आणि आज रडता येत नव्हतं, कारण समोर परका माणूस वायर गुंडाळत बसला होता.

दिवेलागणीला व्हिडिओ आला. बॅगवाला बूट घालता घालता तिला फोनवरचे आकडे दाखवत होता. तिच्या चॅनलवर इतक्या वर्षांत आले नव्हते तेवढे लोक चहा होईपर्यंत आले होते. "बघा ताई," तो म्हणाला, "ही तुमच्याच हातांची कमाल." ती मागे वळली नाही. त्याला दारापर्यंत पोचवून आली.

मग फोन घेऊन, कशावर बसतो आहोत हे न बघता बसली. खाली स्टूल करकरलं. ती दचकली, पण उठली नाही.

कौतुकाचा पाऊस पडत होता. काय हात आहेत, काय सफाई, टाका दिसतसुद्धा नाही. सगळी नावं नवी. ती वाचत वाचत खाली गेली, तेव्हा एक जुनं नाव सापडलं.

सुईदोराने लिहिलं होतं, 'आज डोळा लागला नाही. मागे बसणाऱ्या बाई कुठे गेल्या?'